विटेनबर्गे: शिलाई मशीनचं जर्मन शहर

बर्लिनहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, एल्बे नदीच्या काठी विटेनबर्गे हे छोटंसं शहर आहे. मार्टिन लूथरचं विटेनबर्ग वेगळं, दोन्हींत गल्लत करू नका! इथे पाहायचा तो सुमारे ४९ मीटर उंच घड्याळाचा बुरूज.

हा बुरूज ‘सिंगर’च्या शिलाई मशीन कारखान्याचा. अमेरिकन सिंगर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कारखाना काढला आणि १९२८-२९ मध्ये बुरूज बांधला. आत पाण्याची टाकी, बाहेर चारही बाजूंना घड्याळ. पाळीवर येणाऱ्या कामगारांना लांबूनच वेळ कळायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातली यंत्रं नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली. तरी कारागीर हरले नाहीत. पुन्हा काम सुरू झालं आणि पूर्व जर्मनीच्या घराघरांत इथलं ‘व्हेरिटास’ मशीन पोहोचलं. जर्मनी एक झाल्यावर मात्र कारखाना बंद पडला. हजारो हातांचं काम गेलं. घड्याळ तेवढं उरलं.

तुमच्या घरी आजीचं जुनं मशीन असेल, तर ते जर्मन आहे का, हे असं तपासा:

• नंबर पाहा. जुन्या सिंगरवर आकड्यांच्या आधी इंग्रजी ‘सी’ अक्षर असेल, तर ते विटेनबर्गेचं.

• नुसत्या नावावर जाऊ नका. अनेक जर्मन कारखाने दुकानदाराचं नाव रंगवून मशीन विकत. म्हणून पट्ट्यांवर कोरलेली कारखान्याची खूणही शोधा.

• गाव वाचा. कायझर्सलाउटर्न असेल तर ‘फाफ’. गेओर्ग मिखाएल फाफ मूळचे पितळी वाद्यं बनवणारे. त्यांनी १८६२ मध्ये पहिलं मशीन तयार केलं. बीलेफेल्ड असेल तर बहुधा ‘ड्युरकॉप’, ड्रेस्डेन असेल तर ‘झायडेल उंट नाउमान’ किंवा ‘क्लेमेन्स म्युलर’.

• सुईखालची पट्टी सरकवा. आत होडीसारखं लांब शटल दिसलं, तर मशीन बहुधा जुन्या घडणीचं. गोल बॉबीनची पद्धत नंतर रुळली.

आणि हो, जुनं मशीन चमकवायला पॉलिश पेपर घासू नका. सोनेरी नक्षीबरोबर नाव-गावही पुसलं जाईल. मऊ कापडाला थोडं मशीनचं तेल लावून हलक्या हाताने पुसा. ज्यांनी ते घडवलं, त्यांचा कारखाना आता नाही. त्यांच्या कामाचा पुरावा कदाचित तुमच्या माळ्यावर असेल.