पुढची गाडी

दर वर्षी ऑक्टोबरात दोन गोष्टी न चुकता येतात. एक आपली ऑक्टोबर हीट आणि दुसरी पायथॉनची नवी आवृत्ती. पहिलीचं श्रेय सूर्यनारायणाला. दुसरीचं श्रेय एका वेळापत्रकाला, आणि आजचं पुराण त्या वेळापत्रकाचंच आहे. (प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या मंडळींनीही पळून जाऊ नये. कोडची एकही ओळ येणार नाही, शप्पथ!)

आधीच सांगतो, मी पायथॉनचा मेंटेनर वगैरे अजिबात नाही. गेली बारा वर्षं त्या भाषेवर पोट भरतोय, एवढाच संबंध. पण ही भाषा बनवणारे लोक आपापसात काय बोलतात ते वाचायचा मला नाद आहे. सगळं उघड्यावरच असतं, कोणीही वाचावं. रात्री जेवणं झाल्यावर मी वाचत बसतो आणि मग ठरलेला संवाद होतो.

"एवढं काय वाचतोयस?"
"लोक भांडतायत."
"मग टीव्ही बघ की!"

पण टीव्हीवरच्या भांडणात आणि ह्यात फरक आहे. इथे भांडणाऱ्यांना शेवटी एक तारीख गाठायची असते. कंपनीत तारीख ठरवणं सोपं. साहेब सांगतो, आपण मान डोलावतो, तारीख चुकते, मग साहेब नवी सांगतो. ओपन सोर्समध्ये साहेबच नाही. कोणी पोलंडमधला, कोणी स्पेनमधला, कोणी अमेरिकेतला. थोड्यांना कंपनी ह्या कामाचे पैसे देते, बाकीचे पोरं झोपल्यावर लॅपटॉप उघडणारे. विंडोजचा इन्स्टॉलर एक जण बनवणार, मॅकचा दुसरा, आणि दोघांची घड्याळं वेगळी. ह्यातल्या कोणालाही कोणी हुकूम सोडू शकत नाही. मग हे लोक एका दिवशी एक वस्तू बाहेर काढतात कशी?

पूर्वीची पद्धत सगळीकडे साधारण एकच होती : ठरवलेलं काम झालं की आवृत्ती काढायची. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना? जावावाल्यांना विचारा. त्यांचं 'जिगसॉ' नावाचं मोठं प्रकरण होतं, अख्ख्या भाषेचे सुटे भाग पाडायचं. ते आधी जावा ७ मध्ये येणार होतं, मग ८ मध्ये, आणि शेवटी आलं ९ मध्ये. जावा ८ आली मार्च २०१४ मध्ये आणि ९ आली सप्टेंबर २०१७ मध्ये. मधली साडेतीन वर्षं बाकीच्यांची तयार असलेली कामंसुद्धा फलाटावर बसून. त्यानंतर मात्र त्यांनी कानाला खडा लावला आणि २०१८ पासून दर सहा महिन्यांनी आवृत्ती, जे तयार असेल ते घेऊन.

मी मूळचा डोंबिवलीकर असल्यामुळे मला हे लगेच कळतं. संध्याकाळी दर काही मिनिटांनी गाडी असते. एखादी चुकली तर माणूस फार तर चरफडतो. पण रात्रीची शेवटची कर्जत असेल तर? मग फलाटावरचा प्रत्येक जण आत घुसणार, दाराला लटकणार, आणि "अहो, दोन मिनिटं थांबवा, माझा भाऊ येतोय" म्हणून गार्डाच्या हातापाया पडणार. पुढची आवृत्ती कधी येणार हे माहीत नसलं की भाषेचे मेंटेनर नेमके असेच वागतात. माझं एवढं घ्याच, नाहीतर परत दोन वर्षं थांबावं लागेल! आणि गार्डसुद्धा माणूसच, थांबवतो बिचारा. रस्टवाल्यांनी तर सरळ 'ट्रेन'च म्हटलंय, दर सहा आठवड्यांनी एक. रुबीवाल्यांची तऱ्हा निराळी. २०१३ पासून दर वर्षी २५ डिसेंबरला नवी रुबी, नाताळची भेट म्हणून. चुकत नाहीत.

पायथॉनमध्ये पूर्वी साधारण दीड वर्षाचा हिशेब होता. वूकाश लांगा हा ३.८ आणि ३.९ ह्या आवृत्त्यांचा रिलीज मॅनेजर. त्याने २०१९ मध्ये प्रस्ताव मांडला की दर वर्षी एक, आणि तीही ऑक्टोबरातच. सात महिने अल्फा, तीन महिने बीटा, दोन महिने शेवटची तपासणी. पहिला बीटा निघाला की नवं काही आत घ्यायचं नाही, दार बंद. प्रस्ताव मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०२० मधल्या ३.९ पासून गाडी वेळेवर धावायला लागली.

आता हे वेळापत्रक नेमकं तेव्हाच का आलं? माझं आपलं एक मत आहे, पटलं तर घ्या. त्याआधी वर्षभर, जुलै २०१८ मध्ये, ग्विडो व्हॅन रॉसमने राजीनामा दिला होता. भाषेचा जन्मदाता, जवळजवळ तीस वर्षं शेवटचा शब्द त्याचा. एका छोट्याशा चिन्हावरून (कोलन आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह, बस्स!) इतकी हमरीतुमरी झाली की प्रस्ताव मंजूर केल्यावर तो म्हणाला, आता मी ह्या निर्णयांतून बाहेर. वारस नेमला नाही, तुमचं तुम्ही बघा म्हणाला. मग पाच जणांचं मंडळ आलं, स्टीअरिंग कौन्सिल. २०१९ च्या सुरुवातीला पहिली निवडणूक झाली. गंमत म्हणजे त्या पाचांत ग्विडोसुद्धा होता.

पण पाच जणांनी 'नाही' म्हणणं आणि जन्मदात्याने 'नाही' म्हणणं ह्यात फरक आहेच. घरात आजोबा नाही म्हणाले की विषय संपतो. काका-आत्यांच्या बैठकीत नाही म्हटलं की रुसवे सुरू. म्हणून मला वाटतं, आजोबांची अर्धी जागा त्या पाचांनी घेतली आणि उरलेली अर्धी कॅलेंडरने. "तुझं काम वाईट आहे" असं कोणी कोणाला म्हणायलाच नको. "ह्या वर्षी बसत नाही, पुढच्या ऑक्टोबरात बघू." संपलं. ह्यात कोणाचं नाक कापलं जात नाही.

ह्याची खरी परीक्षा झाली एप्रिल २०२१ मध्ये. तेव्हा आपल्याकडे दुसरी लाट चालू होती. आमची टीम घरून काम करत होती, आणि आमची एक सर्व्हिस फास्टएपीआयवर उभी होती. म्हणून हे प्रकरण मी जरा जास्तच जवळून वाचलं.

थोडक्यात सांगतो. पायथॉनमध्ये प्रत्येक गोष्टीला लेबल लावता येतं : इथे आकडा येणार, इथे नाव येणार. भाषा स्वतः त्या लेबलांकडे फारसं लक्ष देत नाही. पण पायडँटिक नावाची लायब्ररी ती लेबलं प्रोग्रॅम चालू असताना वाचते आणि आलेला माल तपासते. फास्टएपीआय हिच्याच जिवावर उभी. आता २०१७ मध्येच ठरलं होतं की पुढे ही लेबलं समजून न घेता नुसता मजकूर म्हणून साठवायची. प्रोग्रॅम लवकर सुरू होतो, आणि अजून न जन्मलेल्या गोष्टीचं नावसुद्धा लेबलात लिहिता येतं. २०१८ पासून ज्याला हवं त्याला हा बदल एक ओळ लिहून चालू करता येत होता. ३.१० पासून तो सगळ्यांना आपोआप लागू होणार होता, आणि तिच्या अल्फा आवृत्त्यांत महिनोन्‌महिने चालूही होता.

पायडँटिकची अडचण अशी की नुसत्या मजकुरावरून मूळ गोष्ट परत शोधणं दर वेळी जमत नाही. चिठ्ठीवर 'बंड्या' लिहिलंय, पण कुठल्या वाड्यातला बंड्या ते गेलं. एप्रिलच्या मध्यावर पायडँटिकच्या सॅम्युएल कॉल्विनने जाहीर हाक दिली, शीर्षकातच 'अर्जंट' लिहून. दार बंद व्हायची तारीख होती ३ मे.

आता मेंटेनरच्या जागी बसून बघा. चार वर्षांपूर्वी ठरलेला निर्णय, तीन वर्षांपूर्वी दिलेली सोय, अल्फामध्ये चालू असलेला बदल. आणि आता, शेवटच्या पंधरवड्यात, लोक ओरडतायत! चिडचिड होणारच. "इतके दिवस कुठे होतात?" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण दुसऱ्या बाजूचंही खरं आहे. अल्फा वापरतं कोण? लायब्ऱ्या चालत नाहीत म्हणून लोक अल्फा वापरत नाहीत, आणि लोक वापरत नाहीत म्हणून लायब्ऱ्यांना घाई नसते. सूचना फळ्यावर लावलेली असते, वाचली जात नाही. सोसायटीच्या पाण्याची नोटीस आठवा. पाणी गेल्यावरच सगळे फळ्यापाशी जमतात.

२० एप्रिलला कौन्सिलने निर्णय जाहीर केला. बदल ३.१० मधून मागे घ्यायचा आणि पुढे ढकलायचा. दार बंद व्हायला तेरा दिवस उरलेले. रिलीज मॅनेजर होता पाब्लो गालिंदो साल्गादो, हा मुळात भौतिकशास्त्राचा माणूस. ३.१० आली ४ ऑक्टोबर २०२१ ला, वेळेवर.

काही लोक तेव्हा म्हणाले की हे कौन्सिलचं नमतं घेणं झालं. मला उलट वाटतं. जुनी पद्धत असती तर ह्याच भांडणात अख्खी आवृत्ती तीन-चार महिने लटकली असती, नाहीतर बदल रेटला गेला असता, कारण पुढची संधी कधी येईल कोणालाच माहीत नसतं. इथे सगळ्यांना माहीत होतं की ऑक्टोबर २०२२ मध्ये परत गाडी आहे. म्हणून माघार स्वस्तात पडली.

अर्थात पुढच्या गाडीचंही काही खरं नसतं बरं का! लॅरी हेस्टिंग्जचा एक वेगळा प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्येच आलेला होता. लेबल ना लगेच समजून घ्यायचं, ना मजकूर करून टाकायचं. कोणी विचारेल तेव्हाच समजून घ्यायचं. भल्या माणसाला दोन्ही बाजूंचं पटलं होतं म्हणायचं. पण तो मंजूर व्हायला २०२३ उजाडलं आणि भाषेत उतरायला ३.१४, म्हणजे ऑक्टोबर २०२५. पुढची गाडी म्हणता म्हणता चार गाड्या गेल्या.

वेळापत्रक म्हणजे दगडावरची रेघ, असंही नाही. २०२२ ची ३.११ तीन आठवडे उशिरा आली. ३.१३ ची तर शेवटच्या क्षणी गंमत झाली. ती १ ऑक्टोबर २०२४ ला यायची होती. पण मेमरीतला कचरा उचलायची नवी पद्धत काही प्रोग्रॅमना चांगलीच मंद करते असं लक्षात आलं. मग रिलीज मॅनेजर टॉमस वाउटर्सने ती पद्धत काढून टाकली, तपासणीची एक जादा फेरी काढली आणि आवृत्ती ७ तारखेला दिली. कित्येक महिन्यांचं काम गाडीतून खाली उतरवलं आणि गाडी सहा दिवस लेट. जावाच्या साडेतीन वर्षांपुढे हे काहीच नाही हो.

मात्र ह्या नियमितपणाची किंमत कोणीतरी मोजतंच. दर वर्षी एक आणि प्रत्येकीला पाच वर्षांची साथ, म्हणजे कुठल्याही क्षणी पाच आवृत्त्या जिवंत. छोटी लायब्ररी एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला दर ऑक्टोबरात दिवाळीच्या साफसफाईसारखं काम निघतं, आणि त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुला वार्षिक परवडतं का? ही तक्रार मला खरी वाटते, आणि तिच्यावर कोणाकडे धड उत्तर नाही.

रिलीज मॅनेजरचंही तेच. तो साधारण दोन आवृत्त्या घेतो आणि त्या निवृत्त होईपर्यंत त्याच्याच गळ्यात. पाब्लोची ३.११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालायची आहे. म्हणजे २०२० मध्ये हो म्हटलेलं काम सात वर्षांनी सुटणार. आपण तेवढ्या काळात तीन कंपन्या बदलतो!

३.१४ आल्यावर एका शनिवारी मी आमच्या कोडमधली ती २०१८ वाली ओळ काढायला बसलो. मग नीट वाचलं. ती अजून चालते. ३.१३ निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०२९ च्या ऑक्टोबरपर्यंत, तिला कोणी हात लावणार नाही असं लिहून दिलंय. लॅपटॉप मिटला.