नाडी बघणारा मेस्त्री

सुरतच्या उधना भागात खानदेशी मराठी इतकी कानावर पडते, की आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. आमच्या जुन्या डिझेल गाडीचा मेस्त्रीही तिथलाच. गाडी तापत होती, पाणी कमी होत होतं, पण जमिनीवर एक थेंब नाही. दोघांनी नवा रेडिएटर टाकायला सांगितलं होतं. घरचे म्हणत होते, भंगारात द्या. मला ती आंबोली घाट उतरून गोव्याला न्यायची होती.

"भाऊ, हा कुकरच समजा," मेस्त्री म्हणाला. उघडं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने साधारण १ बार जादा दाब धरला, तर तेच १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली, की पाणी आधीच उकळून बाहेर पडतं. गाडी निवताना होज चपटा झाला, तर झाकणातली छोटी झडप अडकलेली.

मग त्याने गार इंजिन सुरू करायला लावलं आणि वरचा होज हातात धरला. पाणी कोमटही झालं नव्हतं, तोच मिनिटभरात होज दगडासारखा! उष्णतेचा दाब इतक्या लवकर चढत नाही. हा सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसत होता. हेड गॅस्केट गेलं होतं.

गोवा आठ दिवस लांबला, पण रेडिएटर जुनाच राहिला आणि गाडी भंगारात गेली नाही. आमच्याकडचे जुने वैद्य आधी मनगट धरायचे, औषध मागाहून. तुमची गाडी तापली तर एवढंच करा: गरम असताना झाकणाला हात लावू नका. नाडी गार इंजिनाचीच बघायची.