पुस्तकविक्याचे दोन दिवस

समुद्र आणि कागद यांचे सख्य कधीच नव्हते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात ओल असते, मीठ असते. आणि कागदाला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. असे असूनही रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जेथे सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून सागराला मिळते, त्या हरिहरेश्वरी एक वृद्ध गृहस्थ अनेक वर्षे पुस्तके विकीत आले आहेत. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, नारळीच्या सावलीत, त्यांचे लहानसे दुकान आहे. गावातील लहानथोर त्यांना ‘भाऊ’ म्हणतात.

आठवड्याचे पाच दिवस भाऊंच्या दुकानात फारशी वर्दळ नसते. श्रीवर्धनहून येणारी एस. टी. चार-दोन उतारू सोडून परत जाते. शनिवार उजाडला, की मात्र मुंबई-पुण्याकडील गाड्यांची रीघ लागते. त्या दोन दिवसांच्या विक्रीवर भाऊंचा सारा आठवडा निभावतो. म्हणून शनिवारी ते पहाटेच उठतात आणि तांबडे फुटण्यापूर्वीच दुकानाच्या फळ्या काढतात.

दुकान उघडल्यावर त्यांचे पहिले काम विक्रीचे नसते. ते असते पुस्तकांची प्रकृती विचारण्याचे. एकेक पुस्तक ते हाती घेतात, मऊ फडक्याने पुसतात, मधूनच उघडून त्याचा वास घेतात. कुबट वास आला, तर ते पुस्तक वाऱ्यावर ठेवावयाचे. पण उन्हात नव्हे. उन्हाने कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. कपाटाच्या कोपऱ्यांत त्यांनी वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवलेला आहे. सुट्या पानांच्या पोथ्या तांबड्या वस्त्रात घट्ट बांधून ठेवण्याची जुनी रीतही त्यांनी सोडलेली नाही. पुस्तकाला कसर लागू न देणे हीसुद्धा एक प्रकारची विद्येची सेवाच होय.

या सेवेची कसोटी 3 जून 2020 रोजी लागली. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारा सुटला. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळींच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. भाऊंच्या दुकानाची कौले उडाली आणि पावसाचे पाणी थेट कपाटांत शिरले. वादळ शमल्यावर त्यांनी भिजलेली पुस्तके घरी नेली, दोऱ्यांवर टांगली, चिकटलेली पाने हळूहळू एकमेकांपासून सोडविली. कित्येक वाचली, कित्येकांचा मात्र लगदा झाला.

तेव्हापासून शेजारचे दुकानदार त्यांना कळकळीने सांगू लागले, “भाऊ, आता पुस्तके पुरे झाली. कोकमाच्या बाटल्या ठेवा. त्या भिजल्या तरी बिघडत नाहीत.”

हा सल्ला खोटा नव्हता. क्षेत्राला येणारा यात्रेकरू घरी नेण्यासाठी आंबापोळी घेतो, काजू घेतो, श्रीवर्धनची रोठा सुपारी घेतो. पुस्तक क्वचितच घेतो. भाऊंनी पुष्कळ विचार केला आणि अर्धा सल्ला मानला. दुकानाच्या दर्शनी फळीवर कोकमाच्या बाटल्या आल्या, आंबापोळी आली. परंतु आतले पुस्तकांचे कपाट जागचे हलले नाही. “कोकमाने मिळवावे आणि पुस्तकांनी खावे. एका घरात सगळेच मिळवते कोठे असतात?” असे ते हसत म्हणतात. हसू खरे असले, तरी रोजच्या हिशेबाची वही उघडताना ते थोडे मावळते, हेही खरे.

मार्गशीर्षातील एका शनिवारी चतुर्थी होती. सकाळपासून देवळात गर्दी होती. हरिहरेश्वरी आधी कालभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा कालभैरवाचे दर्शन घेण्याचा प्रघात आहे. त्यानंतर भाविक प्रदक्षिणेला निघतात. ही प्रदक्षिणेची वाट इतर देवळांच्या वाटेसारखी नाही. ती डोंगराच्या खडकांतून पायऱ्यांनी उतरते आणि थेट समुद्राच्या कडेने जाते. लाटांनी तेथील कातळ असा कोरून काढला आहे, की पाहणाऱ्याला मधाच्या पोळ्याची आठवण व्हावी. मात्र ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. भरतीच्या वेळी तिच्यावर समुद्राची सत्ता चालते.

भाऊंच्या दुकानात सर्वांत अधिक खपणारे पुस्तक म्हणजे पंचांग. छापील पंचांगाचा इतिहास ते मोठ्या आवडीने सांगतात. गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मुंबईत पहिले मराठी पंचांग छापले. त्या काळी शाईत चरबी असते या समजुतीने सोवळे लोक छापील पुस्तकाला शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई बनविली असे सांगतात. लोकांची शंका न हेटाळता ती दूर करणारा हा मुद्रक भाऊंना फार थोर वाटतो.

पंचांगाचा भाऊंना आणखी एक उपयोग आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातील जुना हिशेब होय. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच मागे सरते. त्यावरूनच हा हिशेब बसला आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सुमारे सहा तास, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी.

त्या दिवशी दुपारी दीड वाजता शहरातील तीन-चार तरुण प्रदक्षिणेच्या वाटेची चौकशी करीत दुकानाशी आले.

“आता जाऊ नका,” भाऊ म्हणाले. “तीनला भरती आहे. पाणी चढू लागले आहे. उद्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास जा, उद्या पंचमी.”

त्यांतील एकाने विचारले, “पण आजोबा, पुस्तकात काय लिहिले आहे ते समुद्राला थोडेच ठाऊक असते?”

“समुद्राला नसेल,” भाऊ शांतपणे म्हणाले, “पण लिहिणाऱ्याला समुद्र ठाऊक होता.”

तरुण हसले, पण थांबले. तासाभराने ते देवळामागे जाऊन पाहून आले. सकाळी ज्या पायऱ्यांवरून माणसे उतरली होती, तेथे लाटा फुटत होत्या. परत येताना त्यांतील एकाने काही न बोलता एक पंचांग विकत घेतले.

वाट बंद झाली, की माणसे दुकानांकडे वळतात. मोठी माणसे आंबापोळीचा भाव करीत उभी राहतात आणि कंटाळलेली मुले भाऊंच्या कपाटाशी येतात. मुलांना पुस्तके हाताळू देण्यास भाऊ कधीच नको म्हणत नाहीत. त्या दुपारी एका लहान मुलाने ‘श्यामची आई’ उचलले. भाऊंनी त्याला बाहेर नेऊन दक्षिणेकडे बोट दाखविले. “ती खाडी दिसते ना? तिच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा. तेथे दापोली तालुक्यात पालगड नावाचा गाव आहे. श्याम तेथला. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले.” मुलगा खाडीकडे आणि पुस्तकाकडे आळीपाळीने पाहत राहिला. पुस्तकातला गाव खरोखरच कोठेतरी असतो, हे त्याला त्या क्षणी प्रथमच उमगले असावे.

खाडीपलीकडच्या त्या मुलखाविषयी भाऊंना विशेष आदर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले ते दापोली तालुक्यातील मुरूड येथे. एकाने ग्रंथांसाठी मुंबईस ‘राजगृह’ बांधले, तर दुसऱ्याने स्त्रियांच्या हाती ग्रंथ यावेत म्हणून आयुष्य वेचले. “आमच्या अंगणातून पलीकडचा तीर दिसतो. एवढ्या जवळ राहून पुस्तके विकणे कसे सोडू?” असे ते म्हणतात.

रात्री दुकान बंद झाले. भाऊंनी हिशेब मांडला. कोकमाचा रकाना पानाच्या तळाशी पोचला होता. पुस्तकांच्या रकान्यात पंचांगे आणि स्तोत्रांच्या पुस्तिका वगळता तीनच नावे होती. त्यांनी वही मिटली, दिवा जवळ ओढला आणि दिवसभर ज्याची वाट पाहिली होती ते पुस्तक उघडले. ते होते कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’. 1915 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची एक जुनी प्रत त्यांच्याकडे कोणाच्या तरी संग्रहातून आली होती. पुस्तकविक्याने पुस्तक वाचल्याखेरीज विकू नये, हा त्यांचा नियम. आणि तोच त्यांच्या आयुष्यातला आनंद.

रात्र चढत गेली. सतरा वर्षांचा धोंडो परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी निघाला होता. 1875 सालची ती गोष्ट. पावसापाण्यातून, सह्याद्री ओलांडून तो तेथे पोचला. आणि तू लहान दिसतोस, असे म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. येथे भाऊ थांबले. पुढे हाच मुलगा महर्षी झाला, त्याने 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले, 1958 साली भारतरत्न हा बहुमान त्यास मिळाला, हे भाऊंना ठाऊक होते. पण परीक्षेच्या दारातून परत फिरलेल्या त्या मुलाच्या मनाचे काय झाले, हे त्याच्याच शब्दांत ऐकावयाचे राहिले होते. उद्या रात्री वाचू, असे म्हणून त्यांनी पानात कागदाची चिठ्ठी घातली.

रविवारी सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडून एका शाळेची सहल आली. ओहोटी होती, मुले प्रदक्षिणेला धावली. एक मुलगी मात्र पायाला लागल्यामुळे मागे राहिली आणि दुकानाच्या बाकावर बसली. भाऊंच्या बैठकीशेजारचे जुने पुस्तक तिने सहज उघडले आणि हळूहळू त्यात गढून गेली. तासाभराने सहल परतली, बाईंनी हाक मारली, तेव्हा ती दचकली.

“आजोबा, हे विकायचे आहे का?” तिने विचारले.

भाऊ क्षणभर गप्प राहिले. नाही म्हणणे सोपे होते. आणखी एका रात्रीचाच तर प्रश्न होता! पण मुलगी रात्रीपर्यंत थांबणार नव्हती. तिची बोट दुपारची होती. आणि दुकानातली वस्तू विकावयाची नाही असे सांगणारा दुकानदार कसला?

“आहे,” ते म्हणाले आणि किंमत सांगितली. मुलीने रुमालाची गाठ सोडली. शिंपल्यांच्या माळेसाठी घरून मिळालेले पैसे तिने मोजून दिले. ते पुरेसे होते. भाऊंच्या मनात आले, की पुस्तक फुकट द्यावे. परंतु त्यांनी तसे केले नाही. जुन्या प्रतीवर सर्वांना देतात तेवढीच सूट त्यांनी तिला दिली. स्वतःच्या पैशाने घेतलेले पुस्तक माणूस जपून वाचतो. दयेने मिळालेले बहुधा फळीवर पडून राहते, हा त्यांचा अनुभव होता. पुस्तक कागदात बांधताना त्यांनी आपली चिठ्ठी हळूच काढून घेतली. तिने कोठे थांबावे, हे तिचे तिने ठरवावयाचे होते.

संध्याकाळी गाड्या गेल्या. गावावर पुन्हा लाटांचा आवाज ऐकू येऊ लागला. शेजारच्या दुकानदाराने सहज विचारले, “काय भाऊ, पुस्तकांचे काय जमले?” भाऊ म्हणाले, “एक चांगले गेले.” त्या बोलण्यातील समाधान शेजाऱ्याला कळले, त्यातील हुरहुर त्याला कळली नाही.

असे कितीतरी ग्रंथ भाऊंनी अर्ध्यावर सोडले आहेत. मिठाई करणाऱ्याने पोटभर मिठाई खावी असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे पुस्तकविक्याचे वाचनही अपुरेच राहावयाचे. त्याने मधेच मिटलेले पान दुसऱ्या कोणी पुढे वाचावे, यासाठीच तर त्याने दुकान मांडलेले असते. भाऊंनी दिवा लावला, नव्या मागणीची यादी करण्यासाठी कागद घेतला आणि पहिल्या ओळीवर सावकाश लिहिले : आत्मवृत्त, प्रती दोन.