मी बेशुद्ध झालोच नव्हतो

"सर, मी बेशुद्ध झालोच नव्हतो."

बंगळुरूच्या सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे वैमानिकांना गरगर फिरवणाऱ्या सराव-यंत्रातून, उतरलेल्या तरुण वैमानिकांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता वाद घालत नाही. शेजारी बसवतो आणि व्हिडिओ लावतो. 7 जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सातपट जोराला, मान कलंडते. डोळे उघडे, पण नजर विझलेली. मग हातांना झटके, आणि जाग आल्यावर चेहऱ्यावर लहान मुलासारखा गोंधळ. परवाचा मुलगा ते पाहून गप्पच झाला. तो खोटं बोलत नव्हता. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, की पुष्कळदा त्या क्षणांची आठवणही पुसली जाते. आणि आठवलं तरी कबूल करणं अवघड. फायटर वैमानिकाला त्यात कमीपणा वाटतो. मला या लाजेची फार भीती वाटते. खऱ्या विमानात ते बारा-एक सेकंद विमान कुणाच्याच हातात नसतं, आणि पुढचे तेवढेच गोंधळात जातात.

हृदयापासून मेंदू जेमतेम फूटभर वर. पण 7 जीला रक्त सातपट जड होतं, आणि तेवढी चढणही त्याला झेपत नाही. जी-सूट पाय-पोट आवळून एक-दीड जीचा आधार देतो. बाकीचं स्वतः कमवायचं: मांड्या-पोट घट्ट, श्वास कोंडलेला, दर तीन सेकंदांनी झटकन सोडून पुन्हा घ्यायचा. लक्ष जरा दुसरीकडे गेलं की ही लय मोडते. स्टिक ज्याच्या हातात, त्याचं शरीर वळणाआधीच सावध होतं. मागच्या सीटवरचा मात्र बेसावध सापडतो.

यंत्र हलायच्या आधीच नाडी धावू लागते, त्याचीही नवख्यांना लाज. मी सांगतो, अरे, शरीर कंबर कसतंय, रक्तदाब वाढवतंय. ते तुझ्याच बाजूचं आहे. श्वासाची लय बिघडवते, ती भीती वेगळी.

त्या मुलानं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. एका जागी बोट ठेवलं. "इथे. श्वास सोडला, आणि घ्यायला उशीर केला."

दोन दिवसांनी तो परत आत बसला. पट्टे आवळून झाले. इंटरकॉमवर आवाज आला, "सर, पल्स किती?"

"128."

"चांगली आहे ना?"

"चांगली आहे."