घर आणि प्रकृति

मनुष्य घर बांधितो खरा. परंतु पुढें तेंच घर त्याची प्रकृति घडवितें किंवा बिघडवितें, हें फार थोड्यांच्या ध्यानीं येतें.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत, धडगांव व अक्कलकुवा भागांतील डोंगरांवर, भिल्ल व पावरा बांधवांचीं कुडाचीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. घरें विरळ, शेतांतच बांधलेलीं. कुडाच्या फटींतून वारा आंत येतो व चुलीचा बराचसा धूर बाहेर पडतो. सरदार सरोवरामुळें येथील ३३ गांवें बाधित झालीं, आणि कित्येक कुटुंबें तळोदा तालुक्यांतील सपाटीवर आलीं. तेथें अनेकांस आरंभीं पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. वैशाखांतील तापलेला पत्रा कसा असतो, हें सांगावयास नको.

आतां पक्कीं घरकुलें होत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. पाऊस व सर्प यांचें भय त्यांनीं कमी केलें. परंतु मुलांच्या घरीं जाण्याचा आमचा परिपाठ आहे, आणि अशा बंद खोलींत भाकरी भाजणाऱ्या माउलीचे डोळे झरतांना व मांडीवरील तान्हें खोकतांना आम्हीं पाहिलें आहे. घरांतील धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

विद्यार्थ्यांनो, भिंत पक्की झाली म्हणजे घर निरोगी झालें असें नव्हे. घरीं नवें बांधकाम निघालें, तर वडिलांस नम्रपणें एवढेंच विचारा: चुलीचा धूर कोठून जाईल? गवंडी असतांना झरोका ठेवणें सोपें. मागाहून भिंत फोडणें कठीण.