मापाड्याची मोजणी

ध्यानाला प्रथमच बसलेला मनुष्य बहुधा एकच तक्रार घेऊन उठतो : मन शांत होण्याऐवजी अधिकच धावू लागले. वस्तुतः मन पूर्वीइतकेच धावत असते. दुकानात गिऱ्हाईक, फोन आणि हमालांचा गलका यांमुळे ते धावणे झाकलेले राहते. डोळे मिटून श्वासाकडे पाहू लागताच उघडे पडते, एवढेच.

बौद्ध परंपरेत श्वासाच्या या साधनेला आनापानसती म्हणतात. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाचे भान, असा तिचा सरळ अर्थ. आपल्याकडील अनेक व्यापारी कुटुंबांतून कोणी ना कोणी ती शिकण्यासाठी इगतपुरीच्या धम्मगिरीला जाऊन आलेले असते. १९७६ साली सुरू झालेल्या या केंद्राचे प्रवर्तक सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी उद्योजक. डोकेदुखीचा जुना विकार घेऊन ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. हिशेबाच्या माणसाने शिकवावे आणि व्यापाऱ्याने शिकावे, हा योग पेढीवर बसणाऱ्या वाचकाला सुखावल्याशिवाय राहणार नाही.

अशाच एका शिबिरात भुसार मालाचे एक अडते बसले होते. वय पन्नाशीपुढचे. दुकानाच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तीन वर्षे अबोला. शिबिरातील मौन त्यांना कठीण गेले नाही आणि संध्याकाळच्या जेवणाचे तर नावच नको. चौविहार पाळणाऱ्याला ती सवय घरचीच. कठीण गेले ते श्वासाजवळ थांबणे. पहिले तीन दिवस केवळ नाकाशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहायचा असतो. हे गृहस्थ पाहू लागत आणि चौथ्या-पाचव्या श्वासाला गुदाम उभे राही. गुदामामागून आईचे दागिने, दागिन्यांमागून भावाचे ते एक वाक्य. मग त्या वाक्याला द्यायची उत्तरे. दात आवळून त्यांनी विचार बाहेर लोटण्याचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत कपाळ ठणकू लागले.

गंमत अशी, की दात आवळण्याचा उपाय खरोखरच बौद्ध ग्रंथांत आहे. मज्झिम निकायातील वितक्कसण्ठान सुत्तात द्वेष, लोभ, मोह यांनी भरलेल्या विचारांवर पाच उपाय सांगितले आहेत. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो, तसा वाईट विचाराच्या जागी चांगला आणावा, हा पहिला. पुढे त्या विचारातील अपाय पाहणे, मग त्याच्याकडे लक्षच न देणे, मग त्याचा वेग उतरवणे : भरभर चालणाऱ्याला वाटावे, मी इतका घाईने का चाललो आहे, आणि त्याने हळू चालावे, थांबावे, बसावे, शेवटी आडवे व्हावे, तसे. यातले काहीच लागू पडले नाही, तरच दातावर दात दाबून मनाने मनाला आवरणे. तो शेवटचा उपाय आहे. आपले अडते तेथूनच प्रारंभ करीत होते, आणि बहुतेक नवखे तेच करतात.

दुपारी त्यांनी आचार्यांना विचारले. विचाराशी भांडू नका, तो आला हे कळले की पुन्हा श्वासावर या, एवढेच उत्तर मिळाले.

या उत्तराचा अर्थ पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’मध्ये अधिक स्पष्ट होतो, आणि तोही बाजाराच्या भाषेत. तेथे श्वास मोजण्यास सांगितले आहे : पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत मन कोंडवाड्यातील गुरांसारखे गुदमरून बिथरते. दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यांनाच धरून बसते. प्रारंभी मोजावे कसे, तर धान्य मोजणाऱ्या मापाड्यासारखे सावकाश. तो माप भरतो, ‘एक’ म्हणून ओततो, आणि पुन्हा भरताना काही कचरा दिसला तर तोंडाने ‘एक, एक’ म्हणतच उचलून टाकतो. इगतपुरीच्या पद्धतीत मोजणी नाही, निखळ श्वासच पाहायचा असतो. तरी कचऱ्याचा नियम दोन्हीकडे सारखाच. धान्यात खडा निघाला म्हणून मापाडी माप खाली ठेवत नाही, आणि हा कोणाच्या शेतातला, याची चौकशी करीत उठतही नाही.

मात्र येथे एक खरी अडचण आहे, आणि ध्यानाचे गोडवे गाणारे तिच्याविषयी क्वचितच बोलतात. भावाचा विचार हा या गृहस्थांना खडा वाटतच नव्हता. तो त्यांचा हक्क होता. तो विचार सोडला तर हक्कच सोडल्यासारखे होईल, ही भीती त्यांना आत कोठेतरी धरून होती. रात्रंदिवस राग जागा ठेवला तरच गुदाम आपले राहील, असा जणू पहारा चालला होता. साधना या हक्काच्या खरे-खोटेपणात शिरत नाही. कागद वकिलाकडे आहेत, तेथे ते सुरक्षित आहेत. नाकाशी बसलेल्या माणसाला त्यांची राखण करावी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी परत येणे काहीसे सोपे झाले. विचार थांबले नव्हते, पण येताना ओळखू येऊ लागले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की तीन वर्षे चाललेल्या त्या भांडणात वाक्ये जेमतेम सहा-सात आहेत, आणि त्यांतील एक सोडून सारी त्यांची स्वतःचीच आहेत. भाऊ त्यानंतर काय म्हणाला, हे आठवून पाहिले, आठवले नाही.

दिवाळीनंतर दोघे भाऊ एकदा पेढीवर समोरासमोर बसले. या वेळी थोरल्यांनी धाकट्याचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकले. ते पंचवीस मिनिटे चालले. दागिन्यांचा प्रश्न मिटला. गुदामाच्या किमतीवर एकमत झाले नाही आणि बैठक पुढच्या गुरुवारवर गेली.