मनीची पेटी

मांजराइतका स्वच्छतेचा भोक्ता प्राणी घरात दुसरा नसेल. (दुधाचे पातेले उघडे राहिले, की गृहिणींचे मत पालटते, हे खरे!) मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिकेतील आणि पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशांत राहणारी रानमांजरे. मऊ माती उकरून विष्ठा झाकावयाची, ही मांजराची सवय उपजतच असते. वाड्याच्या परसात त्यासाठी हवी तेवढी माती मिळे. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात ती कोठून यावी? तेथे माणसानेच वाळूची पेटी ठेवावयाची. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी एका शेजारणीला राखेऐवजी मुलतानी मातीचे दाणे दिले, आणि तेव्हापासून अशा मातीचा मोठा व्यापारच सुरू झाला.

पुण्यातील अशाच एका बिऱ्हाडात मनी लहानाची मोठी झाली. तिची पेटी न्हाणीघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी असे. तेरा वर्षे तिने कधी चूक केली नाही. चौदाव्या वर्षी मात्र ती पायपुसण्यावर घाण करू लागली. दोनदा, तीनदा झाले. मग वडील संतापले. "हिला गोणत्यात घालून मंडईत सोडून येतो," असे ते म्हणाले, तेव्हा मुलांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

आजी काही बोलली नाही. दुपारी ती तांदूळ निवडीत दाराशी बसली होती. मनी उठली, हळूहळू न्हाणीघराकडे गेली, कसाबसा उंबरठा ओलांडून पेटीशी पोहोचली. पेटीचा काठ चांगला वीतभर उंच. मनीने एक पाय काठावर ठेवला, क्षणभर तशीच थांबली, पाय खाली घेतला आणि परत फिरली.

"अरे, तिची अक्कल गेलेली नाही, गुडघे गेले आहेत!" आजीने मुलाला सांगितले.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी मनीचे सांधे चाचपून पाहिले. निदान आजीचेच ठरले: संधिवात. म्हाताऱ्या मांजरांना तो पुष्कळदा होतो. पण मांजर आपले दुखणे लपविते. ते एकाएकी पेटीबाहेर जाऊ लागले, तर रागावण्याआधी आजाराची शंका घ्यावी, असे डॉक्टर म्हणाले. बोक्याची लघवी तुंबली, तर एकदोन दिवसांत प्राणावर बेततेसुद्धा.

त्याच संध्याकाळी वडिलांनी करवत काढली. पेटीची एक बाजू चार बोटे उंचीची राहिली. मनीला आत सहज वळता यावे एवढी, म्हणजे तिच्या दीडपट लांब, पेटी मूळचीच होती. ती आता ओसरत्या उजेडातील शांत कोपऱ्यात आली: यंत्राच्या खडखडाटापासून दूर, जेवणाच्या ताटलीपासूनही दूर, आणि मध्ये बंद होणारे दार नाही. वाळू रोज साफ करण्याचे काम मुलांनी वाटून घेतले.

रात्री सामसूम झाल्यावर कोपऱ्यातून वाळू उकरल्याचा खसखस आवाज आला. वडील जागेच होते. सकाळी ते न्हाणीघराच्या उंबरठ्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. आजी भिंतीला धरून तो ओलांडीत होती. चहा घेण्यापूर्वीच त्यांनी गवंड्याला निरोप धाडला.